स्वस्त काहिलीची खरी किंमत : मेपलच्या पाकाचा इतिहास

१/ उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळा सरू लागला की रात्री पाणी गोठते आणि दुपारी बर्फ वितळते. या चढउतारामुळे शुगर मेपल वृक्षाच्या खोडातून रस पाझरू लागतो. परसात चार-सहा मेपल असलेली अनेक हौशी कुटुंबे या दिवसांत एकाच प्रश्नापाशी अडतात : हा रस आटवायचा कशात? चांगली काहील महाग पडते आणि स्वस्त काहिलीत काहीतरी खोट निघते.

२/ हा प्रश्न वरवर बाजारहाटीचा वाटतो. प्रत्यक्षात त्यात कर्ज, गुलामगिरी, जंगलतोड आणि विषबाधा यांचा इतिहास दडलेला आहे. आजच्या धाग्यात तो क्रमाने पाहू. सूत्र एकच ध्यानात ठेवा : काहील स्वस्त मिळाली म्हणून तिची किंमत नाहीशी होत नाही. ती कोणीतरी, कुठेतरी, वेगळ्या रूपात भरतो.

३/ आधी थोडे गणित. मेपलच्या रसात साखर असते सुमारे २ टक्के. तयार पाकात ती लागते सुमारे ६७ टक्के. म्हणून १ लिटर पाकासाठी ४० लिटरांच्या आसपास रस आटवावा लागतो. व्हर्मॉन्टमधील संशोधक सी. एच. जोन्स यांनी यासाठी ‘८६ चा नियम’ रूढ केला : ८६ ला रसातील साखरेच्या टक्क्यांनी भागा, म्हणजे एक माप पाकासाठी किती मापे रस हवा ते कळते.

४/ आपल्या गुऱ्हाळाशी तुलना करून पाहा. उसाच्या रसात १५ ते २० टक्के साखर असते. म्हणजे गुळव्याच्या काहिलीत मेपलच्या मानाने पाणी फारच थोडे. शिवाय ऊस आपले जळण स्वतःबरोबर घेऊन येतो. रस काढला की उरलेली चिपाडे वाळवून चुलाणात घालता येतात. मेपल असे काही देत नाही. त्याचा रस आटवायचा तर दुसरी झाडे तोडून लाकूड आणावे लागते.

५/ किती लाकूड? एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. ४० लिटर थंडगार रस उकळीला आणून त्यातले ३९ लिटर पाणी उडवायचे, तर एक लाख किलोज्यूलहून अधिक उष्णता हवी. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत सुमारे १५ हजार किलोज्यूल असतात. म्हणजे उष्णतेचा एक कणही वाया न जाता ७ किलो लाकूड. उघड्या आगीवर बहुतांश उष्णता हवेत जाते आणि हा आकडा अनेक पटींनी वाढतो. हे सारे एका लिटर पाकासाठी!

६/ आता इतिहासाकडे वळू. युरोपीय वसाहतकार येण्यापूर्वी अनिशिनाबे, हॉडेनोशोनी, अबेनाकी आदी मूलनिवासी समाजांना मेपलचा रस ठाऊक होता. लाकूड कोरून केलेल्या डोणीत तापलेले दगड टाकून, मातीच्या भांड्यात किंवा बर्च वृक्षाच्या सालीच्या पात्रात रस तापवण्याच्या रीती नोंदलेल्या आहेत. धातूच्या भांड्यांविना ते दाणेदार साखरेपर्यंत पोहोचत होते का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. रस गोड करण्याचे ज्ञान मात्र त्यांचेच होते.

७/ या ज्ञानाचा एक सुंदर पुरावा जेम्स स्मिथ या माणसाच्या आठवणींत सापडतो. १७५५ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो पेनसिल्व्हेनियात पकडला गेला. एका मूलनिवासी कुटुंबाने त्याला आपल्यात सामावून घेतले आणि तो काही वर्षे ओहायो प्रदेशात त्यांच्यासोबत राहिला. त्याच्या आठवणींचे पुस्तक १७९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

८/ स्मिथ सांगतो की, तिथल्या स्त्रिया सालीची मोठी, रुंद आणि उथळ पात्रे करीत. रात्री रसावर बर्फ धरे. सकाळी त्या तो बर्फ फोडून फेकून देत. ‘साखरच तर फेकत नाही ना?’ अशी शंका त्याने काढली. उत्तर मिळाले की, फेकतो ते पाणी. साखर गोठत नाही. हे अनेकदा केल्यावर उरलेला रस तपकिरी आणि गोड झालेला त्याने स्वतः पाहिला.

९/ या प्रसंगातील दोन गोष्टी मनात नोंदवून ठेवा. पहिली : पात्र रुंद आणि उथळ होते. दुसरी : आग पेटवण्याआधीच पाणी वेगळे काढले जात होते. पुढच्या दोन शतकांत पाश्चात्त्य कारागिरांनी आणि अभियंत्यांनी केलेल्या मोठ्या सुधारणा या दोन तत्त्वांभोवतीच फिरतात.

१०/ फरच्या व्यापाराबरोबर तांब्या-पितळेची आणि लोखंडाची भांडी जंगलात पोहोचली. मूलनिवासींनी ती कातड्यांच्या बदल्यात घेतली, वसाहतकारांनी सोबत आणली. लोखंडी हंडा दगडासारखा फुटत नाही, सालीसारखा जळत नाही आणि एकदा घेतला की पिढ्यानपिढ्या चालतो. आडव्या दांड्याला दोन-तीन हंडे ओळीने टांगायचे. मोठ्या हंड्यातला रस आटला की पळीने मधल्यात, मधल्यातला लहानग्यात.

११/ उकळी अनावर होऊन फेस वर आला तर? हंड्यावर डुकराच्या चरबीचा तुकडा दोरीने टांगून ठेवीत. फेस त्याला टेकला की बसून जाई. आपल्या गुऱ्हाळात फेस आवरायला तेलाचे चार थेंब टाकतात, त्यामागचे कारणही हेच : स्निग्ध पदार्थाने बुडबुड्यांचा पडदा फुटतो. दोन खंडांतील कारागीर एकमेकांना कधीही न भेटता एकाच युक्तीपर्यंत पोहोचले.

१२/ हाच हंडा १७९० च्या सुमारास एका मोठ्या नैतिक स्वप्नाचे साधन झाला. त्या काळी अमेरिकेत येणारी साखर मुख्यतः कॅरिबियन बेटांवरून येई आणि ती गुलामांच्या श्रमातून पिकलेली असे. फिलाडेल्फियाच्या क्वेकर पंथीयांना आणि गुलामगिरीविरोधकांना वाटले की, मेपलची साखर घरोघरी झाली तर ही रक्तरंजित साखर विकत घ्यावीच लागणार नाही.

१३/ स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे वैद्य बेंजामिन रश यांनी १७९१ मध्ये थॉमस जेफरसन यांना उद्देशून शुगर मेपलवर एक विस्तृत लेखच लिहिला. जेफरसन यांनी त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळच्या रोपवाटिकेतून मेपलची रोपे मागवून व्हर्जिनियातील आपल्या मॉन्टिसेलो या मळ्यावर लावली. बहुतेक रोपे जगली नाहीत. आणि ज्या मळ्यावर ती लावली, तो मळा गुलामांच्याच श्रमावर चालत होता. इतिहासातील विसंगती अशी उघड्यावर उभी असते.

१४/ या स्वप्नाचा व्यवहारी चेहरा म्हणजे विल्यम कूपर. कादंबरीकार जेम्स फेनिमोर कूपर यांचे वडील. न्यूयॉर्क राज्यात ओट्सेगो सरोवराकाठी त्यांनी जंगलात नवी वसाहत वसवली. तिथे आलेल्या शेतकऱ्यांपाशी झाडे होती, हात होते. हंडे घ्यायला पैसे नव्हते. कूपर यांनी उधारीवर हंडे मिळवले आणि काही घसरगाड्यांवरून, काही गोठलेल्या पाण्यावरून जंगलात पोहोचवले.

१५/ पुढचा भाग कूपर यांनीच १८१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात मोकळेपणाने सांगितला आहे. धान्य आणि अवजारे यांपोटी वसाहतकार त्यांचे ऋणको झाले. हे ऋण साखर आणि राख-क्षार देऊन फेडायचे. पहिल्याच वर्षी ४३ हॉगशेड, म्हणजे ४३ मोठी पिंपे साखर गोळा झाली. उचल घेऊन गाव सोडणारे ऊसतोड मजूर आपल्याला परिचित आहेत. भांडे धन्याचे आणि घाम आपला, हा व्यवहार ओळखायला आपल्याला वेळ लागू नये.

१६/ साखरेची ही योजना काही वर्षांतच मावळली. मेपलचा हंगाम जेमतेम चार ते सहा आठवड्यांचा आणि तोही हवामानाच्या लहरीवर. रस साठवला तर आंबतो, म्हणून आला तसा आटवावा लागतो. इथे हंड्याचा दोष उघडा पडतो. तो टिकाऊ होता, पण संथ होता. आणि संथपणाची किंमत लाकडात आणि जागरणात मोजावी लागत होती.

१७/ हा दोष भूमितीचा आहे. ६० लिटर रस ४० सेंटिमीटर व्यासाच्या हंड्यात ओता : खोली ४८ सेंटिमीटर आणि तळ अवघा ०.१३ चौरस मीटर. तोच रस ६० बाय ९० सेंटिमीटरच्या सपाट काहिलीत ओता : खोली ११ सेंटिमीटर आणि तळ ०.५४ चौरस मीटर, म्हणजे चौपटीहून अधिक. आग तळाला भिडते, वाफ पृष्ठभागावरून जाते. भांड्यात किती मावते याला फारसे महत्त्व नाही. ते किती पसरट आहे यावर सारे ठरते.

१८/ हौशी मंडळींचा आजचा ठोकताळाही याच हिशेबाचा आहे : एका चौरस फूट तळामागे तासाला साधारण एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी उडते. या हिशेबाने वरची काहील तासाला सुमारे २२ लिटर पाणी उडवील. हंडा, केवळ तळाचा विचार केला तर, सुमारे पाच. जिथे काहिलीला तीन तास, तिथे हंड्याला दिवस मावळून रात्र उजाडते.

१९/ रेंगाळलेल्या आगीचा आणखी एक दंड असे. हंड्यात जुन्या रसावरच नवा रस ओतला जाई. त्यामुळे सकाळचा रस रात्रीपर्यंत शिजत राही. साखर जितकी जास्त वेळ तापते तितका पाक काळपट आणि उग्र होतो. त्या काळी पांढऱ्या साखरेची बरोबरी करणाऱ्या फिक्या मालाला भाव चांगला मिळे. म्हणजे हंड्याचा संथपणा थेट शेतकऱ्याच्या खिशाला भोवत होता.

२०/ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लोखंडी पत्रा स्वस्त आणि मुबलक झाला आणि चित्र पालटले. गावचा लोहारही पत्र्याच्या कडा दुमडून सपाट काहील करू शकत होता. दगडी किंवा विटांच्या लांबट चुलाणावर ती बसवली की आग तिच्या तळाखालून सरकत मागच्या धुराड्याकडे जाई. ज्वाळा भांड्याभोवती उधळून वाया जाणे थांबले. छोट्या शेतकऱ्याची ही पहिली खरीखुरी परवडणारी काहील.

२१/ मग पुढचे पाऊल पडले. १८५८ मध्ये ओहायोतील मॅन्सफील्डच्या डी. एम. कुक यांनी एका काहिलीचे पेटंट घेतले. काहिलीत आडव्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीला एका टोकाशी फट, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. एका टोकाने ओतलेला रस नागमोडी वाटेने आटत आटत दुसऱ्या टोकाला पाक होऊन बाहेर पडे. जो रस आधी आत गेला तोच आधी बाहेर आला. दिवसभर शिजत राहण्याची शिक्षा संपली.

२२/ कुक यांची काहील प्रामुख्याने गोड ज्वारीच्या रसासाठी होती. मेपलवाल्यांनीही ती आपलीशी केली. ज्वारीची काकवी ऐकून नवल वाटले असेल, तर एक दुवा महाराष्ट्रातलाच आहे : फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘मधुरा’ हे गोड ज्वारीचे वाण विकसित केले आणि त्याच्या रसापासून काकवी करण्याचे प्रयोग केले. ओहायो आणि फलटण यांना जोडणारा धागा ज्वारीच्या ताटातून जातो.

२३/ १८८० च्या दशकात ओहायोतील जी. एच. ग्रिम यांच्यासारखे उत्पादक मेपलसाठी खास यंत्रे विकू लागले. पुढे त्यांचा व्यवसाय व्हर्मॉन्टमधील रटलंडला गेला. या पिढीतील काहिलींच्या तळाला उभ्या खोल घड्या घातलेल्या असत. सपाट पत्रा घडीदार केला की तेवढ्याच जागेत आगीला भिडणारे क्षेत्र कितीतरी वाढते. मात्र त्याबरोबर किंमतही वाढली आणि छोटा शेतकरी पुन्हा हिशेब मांडत बसला.

२४/ याच शतकात उसाच्या साखरेच्या जगात वेगळी क्रांती झाली. न्यू ऑर्लिन्समध्ये १८०६ मध्ये स्वतंत्र कृष्णवर्णीय आईच्या पोटी जन्मलेल्या नॉर्बर्ट रिलियू यांनी १८४३ आणि १८४६ मध्ये एका यंत्रणेची पेटंटे घेतली. एका पात्रातील वाफ पुढच्या, कमी दाबाच्या पात्राला तापवी. एकदा जाळलेल्या जळणाचा पुन्हा पुन्हा उपयोग होई. हे यंत्र बसवणारे मळे मात्र गुलामांच्या श्रमावर चालणारे होते. रिलियू पुढे पॅरिसला निघून गेले.

२५/ अशी प्रचंड यंत्रणा मेपलच्या राईत कोण नेणार? उसाची आणि बीटाची साखर स्वस्त होत गेली. एकोणिसाव्या शतकाअखेर मेपलची साखर किमतीच्या स्पर्धेत हरली आणि शेतकरी साखरेऐवजी पाक विकू लागले. गरिबाघरची साखर श्रीमंतांच्या न्याहारीचा जिन्नस झाली. रश यांच्या स्वप्नाचा शेवट असा झाला.

२६/ आता या कथेतील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग. पत्रा गंजू नये म्हणून त्याला कल्हई लागे आणि सांधे डाख देऊन बुजवावे लागत. डाखेत शिसे असे. कथिलात शिसे मिसळून मुलामा दिलेला स्वस्त पत्राही वापरात होता. रस किंचित आम्लधर्मी. तो तापला, साचून राहिला की सांध्यांतील शिसे हळूहळू त्यात उतरते.

२७/ इथे ‘४० चा १’ हे गणित उलटते. रसात उतरलेले शिसे पाण्याबरोबर वाफ होऊन उडून जात नाही. बादलीतून, पिंपातून, काहिलीतून जे थोडे थोडे आले ते आटता आटता गोळा होत जाते. पाक आवडीने खाणारी मुले आणि शिशाचा सर्वाधिक धोका असणारीही मुलेच. शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चवीत मात्र त्याचा मागमूसही लागत नाही.

२८/ विसाव्या शतकात स्टेनलेस स्टील आले, शिशाऐवजी वितळजोड आला आणि १९९० च्या दशकात मेपल उद्योगाने शिशाच्या डाखेकडे जाणीवपूर्वक पाठ फिरवली. पण जुन्या काहिली नष्ट झालेल्या नाहीत. त्या शेतघरांत, माळ्यांवर, लिलावांत अजूनही आहेत. दिसायला देखण्या आणि किमतीला हलक्या. आजच्या हौशी माणसाला भुलवणारी ‘स्वस्त काहील’ बरेचदा हीच असते.

२९/ मग थोडक्या पैशात आज काय घ्यावे? इतिहासाचे उत्तर सरळ आहे. खोल पातेले नको. तो जुनाच हंडा आहे. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नको. आम्लात जस्त सुटते. राखाडी डाखेचे सांधे असलेली जुनी काहील भिंतीवर शोभेला टांगावी. खानावळीत अन्न गरम ठेवायचे स्टेनलेस स्टीलचे उथळ आयताकृती ट्रे बाजारात सहज मिळतात. सिमेंटच्या ठोकळ्यांचे चुलाण रचून त्यावर असे दोन-तीन ट्रे मांडले की छोट्या घराचे काम भागते.

३०/ हे ट्रे ओळीने मांडून रस मागून पुढे सरकवत नेला, तर कुक यांच्या नागमोडी काहिलीचेच गरीब रूप तयार होते. रसाची पातळी अडीच ते पाच सेंटिमीटर राखावी. त्याहून कमी झाली तर पाक करपतो आणि ट्रे वाकतो. पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा सुमारे ४ अंश सेल्सिअस वर गेले की पाक तयार. थोडे अधिक पैसे हाती असतील तर ते तळाच्या क्षेत्रफळावर आणि चांगल्या जोडकामावर खर्चावेत. भांड्याच्या खोलीवर नव्हे.

३१/ शेवटी पुन्हा त्या गोठलेल्या सकाळकडे जाऊ. १९७० च्या दशकापासून मेपल उद्योगात व्युत्क्रमी परासरण, म्हणजे आपल्या घरातील ‘आरओ’ गाळणीचे तंत्र आले. रस चुलाणावर चढवण्याआधीच पडद्यातून दाबून त्यातले बरेचसे पाणी वेगळे काढतात. लाकूड आणि तेल वाचते. आधुनिक उद्योगाने मोठ्या अभिमानाने स्वीकारलेले हे तत्त्व जेम्स स्मिथने अडीचशे वर्षांपूर्वी पाहिले होते : आधी पाणी फेका, मग आग लावा.

३२/ त्या स्त्रियांपाशी पेटंट नव्हते, आणि त्यांची नावेही स्मिथच्या पुस्तकामुळे आपल्यापर्यंत पोहोचलेली नाहीत. त्यांच्या पात्राला पैसा पडत नव्हता, त्यासाठी कोणी कर्जात बुडत नव्हते आणि त्यातून विषही उतरत नव्हते. परवडणाऱ्या काहिलीचा इतिहास लिहायचा तर पहिले पान सालीच्या त्या रुंद, उथळ पात्राला द्यावे लागेल.

३३/ जाता जाता एक विनंती. तुमच्या गावी गुऱ्हाळ असेल, तर यंदा गूळ खाऊन परत येण्याआधी काहिलीकडे नीट पाहा. ती किती रुंद आहे, किती उथळ आहे, कशाची आहे, कोणी घडवली आणि तिच्या आधी कोणती होती, हे गुळव्याला विचारा. उत्तरे मिळाली तर खाली जरूर लिहा. आपल्या काहिलीचा इतिहासही कुणीतरी लिहायला हवा. धागा समाप्त.